बोरघाटाचे थांबे: सह्याद्री चढणाऱ्या लोहमार्गाचा इतिहास

मुंबई आणि पुणे यांना जोडणाऱ्या १९२ किलोमीटरांच्या लोहमार्गात कर्जत ते लोणावळा हा टप्पा जेमतेम २८ किलोमीटरांचा आहे. तरीही या मार्गाचा खरा इतिहास याच टप्प्यात घडला. पावसाळ्यात पुण्याकडे निघालेले प्रवासी ज्यासाठी डाव्या हाताची खिडकी धरून बसतात, ती उल्हास नदीची खोल दरी, पलीकडच्या डोंगरावरचे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, कड्यावरून कोसळणारे पाणी आणि एकामागून एक येणारे बोगदे हे सारे मार्ग आखणाऱ्यांच्या दृष्टीने अडथळेच होते. या बांधकामाचे वर्णन बहुधा निसर्गावर मिळवलेला विजय असे केले जाते. १८६३ मध्ये मार्ग खुला झाल्यानंतरही डोंगराने प्रत्येक गाडीला आपल्या अटी घातल्या, तिला ठरावीक जागी थांबायला लावले, आणि त्या सक्तीच्या थांब्यांभोवती कर्जत, खंडाळा व लोणावळा ही गावे आजच्या रूपास आली, ही बाजू त्या वर्णनात झाकली जाते.

सह्याद्री ही लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांची, म्हणजे बेसॉल्ट या काळ्या कठीण खडकाची रांग असून तिचा पूर्वेकडील उतार सौम्य, तर कोकणाकडील बाजू एकदम तुटलेल्या कड्याची आहे. त्यामुळे कोकणातून देशावर, म्हणजे घाटमाथ्यावरील पठारावर, जाण्याचे मार्ग पूर्वापार मोजक्या खिंडींतूनच गेले. बोरघाट ही त्यांपैकी अत्यंत जुनी वाट होय. कार्ले आणि भाजे येथील बौद्ध लेणी या वाटेच्या माथ्याजवळच कोरली गेली, आणि तेथील शिलालेखांत दात्यांमध्ये व्यापारी आढळतात, यावरून या वाटेवरील वर्दळीची कल्पना येते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, चाकाची वाहने जाऊ शकतील असा रस्ता या घाटातून तयार झाला. परंतु त्या रस्त्यानेही कापसाचे गाडे मुंबईच्या बंदरापर्यंत आणणे हे वेळखाऊ आणि खर्चाचे काम होते, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना दख्खन व वऱ्हाडचा कापूस हवा होता.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची जी.आय.पी., १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने अस्तित्वात आली, आणि तिच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी ईस्ट इंडिया कंपनीने दिली. हमीचा अर्थ असा की रेल्वेला नफा झाला नाही, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाणार होती. घाटातील खडकाचा खर्च अखेरीस येथील रयतेवरच पडणार होता, हे या इतिहासात विसरून चालत नाही. कंपनीचे एक प्रवर्तक जॉन चॅपमन यांच्या आरंभीच्या योजनेत लोहमार्ग माळशेज घाटाने वर न्यावयाचा होता. १८५० मध्ये मुख्य अभियंता म्हणून आलेल्या जेम्स जॉन बर्कली यांनी सह्याद्रीची पाहणी करून तो बेत मागे टाकला, आणि ईशान्येकडे नाशिक-खानदेशच्या दिशेने थळघाट व आग्नेयेकडे पुण्याच्या दिशेने बोरघाट अशा दोन वाटा निश्चित केल्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, तेव्हा समारंभाचा सारा थाट सपाट जमिनीवरच्या ३४ किलोमीटरांचा होता. कंपनीचे भवितव्य मात्र या दोन घाटांवर अवलंबून होते.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरते, तेव्हा घर्षण फार कमी असल्यामुळे सपाटीवर मोठे ओझे थोड्या शक्तीत ओढता येते. पण तेच कमी घर्षण चढावर घातक ठरते, कारण चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि उतारावर गाडी आवरत नाही. म्हणून त्या काळच्या इंग्लंडमध्ये तीव्र चढावर गाड्या अनेकदा माथ्यावर बसवलेल्या स्थिर इंजिनाने आणि दोरखंडाने ओढून घेतल्या जात. इंजिनाने स्वतः चढावेत अशा तीव्र चढांपैकी इंग्लंडमधील लिकी येथील चढ प्रसिद्ध होता. त्याचे प्रमाण सुमारे ३७ फुटांमागे एक फूट एवढे होते, पण त्याची लांबी दोन मैलांच्या आसपासच होती. ऑस्ट्रियातील आल्प्स ओलांडणारा सेमरिंग मार्ग १८५४ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा डोंगरी रेल्वेचा सर्वांत मोठा नमुना तोच मानला गेला. बोरघाटात बर्कली यांना ३७ फुटांमागे एक फूट हाच कमाल चढ धरून १५ मैल ६८ साखळ्या, म्हणजे सुमारे २५.५ किलोमीटर लांबीत १,८३१ फूट उंची गाठायची होती. साखळी हे मोजणीचे जुने माप असून ८० साखळ्यांचा एक मैल होतो.

घाटाचे काम चालू असताना खालचा व वरचा मार्ग आधीच तयार झाला, आणि त्यामुळे या प्रवासाच्या इतिहासात एक चमत्कारिक काळ येऊन गेला. १२ मे १८५६ रोजी खालची गाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचली, आणि १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे हा वरचा भाग खुला झाला. मधला कडा मात्र प्रवाशाला माल्कमच्या रस्त्याने, मेण्यातून, डोलीतून, तट्टावर किंवा बैलगाडीने चढावा लागे. खोपोलीला नाना फडणिसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ यांमुळे वाटसरूंचा मुक्काम पूर्वीपासून होताच. आता आगगाडीच्या उतारूंची त्यात भर पडली. एका प्रवासात दोन आगगाड्या आणि त्यांच्या मध्ये पेशवाईतल्यासारखी घाटाची चढण, असा हा क्रम सुमारे पाच वर्षे चालला.

प्रत्यक्ष घाटाचे काम २४ जानेवारी १८५६ रोजी सुरू झाले. त्याचा ठेका विल्यम फेव्हिएल या इंग्रज ठेकेदाराकडे होता, आणि मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्यांपैकी तोही एक असल्याने कंपनीचा त्याच्यावर विश्वास होता. सपाटीवरील अनुभव घाटात फारसा उपयोगी पडला नाही. लोणावळा-खंडाळ्याच्या परिसरात वर्षाला ४,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्यामुळे जूनमध्ये उघड्यावरील काम थांबे, मजूर गावोगाव परतत, बोगद्यांच्या आतील खोदाई तेवढी चालू राही, आणि पावसाळा संपला की मजुरांची सगळी फौज नव्याने उभी करावी लागे. मजूर जमवण्याचे काम मुकादम करत. आपल्या गावातून किंवा जातीतून टोळी आणायची, तिला उचल द्यायची, ठेकेदाराकडून पैसे घेऊन तिच्यात वाटायचे, हा त्यांचा व्यवहार होता. आणि ठेकेदार व मजूर यांच्यामध्ये असे एकाहून अधिक हात असल्याने दर हाताशी थोडी मजुरी गळत असे.

कामाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय या मजुरांनी काय केले, हे कळत नाही. पहारीने आणि घणाने खडकात भोक पाडायचे, त्यात बारूद ठासायची, वात लावून पळायचे आणि धूर निवळल्यावर फुटलेला दगड पाट्यांतून वाहायचा, अशी सुरुंगाची पद्धत होती. डायनामाइटचा शोध अजून लागायचा होता. बेसॉल्टच्या उभ्या कड्यात जेथे पाय ठेवायला जागा नव्हती, तेथे बोगद्याचे तोंड फोडण्यासाठी माणसांना वरून दोराने लोंबकळत सोडत आणि ती अधांतरी राहूनच पहार चालवत. अशा रीतीने २५ बोगदे खोदले गेले. त्यांची एकत्र लांबी ३,९८६ यार्ड, म्हणजे साडेतीन किलोमीटरांहून अधिक होती. त्यांच्या जोडीला दऱ्या ओलांडण्यासाठी ८ व्हायाडक्ट, म्हणजे कमानींच्या रांगेवर उभे असलेले उंच पूल, २२ लहान पूल आणि शेकडो फूट लांबीचे भराव बांधावे लागले. एकंदर खोदाई साडेपाच कोटी घनफुटांच्या आसपास भरली. १८६१ च्या सुमारास कामाचा जोर सर्वाधिक होता, तेव्हा या एका घाटात ४२,००० माणसे राबत होती. त्यांत स्त्रियाही होत्या आणि मुलेही होती.

एवढी माणसे अरुंद डोंगरसोंडांवर झावळ्यांच्या व गवताच्या झोपड्यांत राहत, आणि पिण्याचे व धुण्याचे पाणी एकाच ओढ्यातून येई. पटकी, म्हणजे कॉलरा, या वस्त्यांतून वारंवार फिरली, आणि साथ आली की टोळ्याच्या टोळ्या रातोरात निघून जात. सुरुंग, दरड, ताप आणि पटकी यांनी घाटात किती बळी घेतले याची नोंद कंपनीने नावानिशी ठेवली नाही; बळींची संख्या हजारोंच्या घरात असावी, असा अंदाज केला जातो. बोगद्याची लांबी यार्डापर्यंत आणि मार्गाची लांबी साखळीपर्यंत मोजणाऱ्या कंपनीने माणसांचा हिशेब असा मोघम ठेवावा, ही या कामावरची सर्वांत गंभीर टीका ठरते.

मजुरांनी हे सारे निमूटपणे सोसले, असेही नाही. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या आणि कापलेल्या मजुरीवरून घाटात मोठा उठाव झाला, आणि काठ्या-दगड घेतलेल्या जमावाने युरोपीय देखरेख्यांवर हल्ला केला. सत्तावनच्या बंडाच्या आठवणी ताज्या असल्याने सरकार हादरले आणि त्याने चौकशी लावली, तीत मजुरांच्या तक्रारींत तथ्य असल्याचे पुढे आले. अशाच तंट्यांच्या पार्श्वभूमीवर १८६० मध्ये ठेकेदार व कामगार यांच्यातील वादांसंबंधी कायदा झाला. मजुरीचे दावे मॅजिस्ट्रेटने तातडीने निकाली काढावेत, अशी तरतूद त्यात होती. मात्र करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षाही त्याच कायद्याने ठेवली, तेव्हा सरकारचा न्याय दोन्ही पारड्यांत सारखा पडला असे म्हणता येत नाही.

मार्च १८५९ मध्ये फेव्हिएलने ठेका सोडला. काही महिने कंपनीच्या अभियंत्यांनीच काम चालवले, आणि त्यानंतर इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल हा नवा ठेकेदार पत्नी ॲलिससह आला. पण घाटावर येऊन काही आठवडे होतात न होतात तोच, त्याच वर्षाच्या अखेरीस, आजाराने त्याचा मृत्यू झाला. ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका परत केला नाही. कराराची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली, स्वेन्सन ॲडमसन आणि जॉर्ज क्लाउसर या दोन अनुभवी अभियंत्यांवर दैनंदिन व्यवस्था सोपवली, आणि काम तडीस नेले. बांधकाम चालू असताना त्यांनी घाटाची छायाचित्रेही काढली. एकोणिसाव्या शतकात एवढ्या मोठ्या अभियांत्रिकी कामाचा ठेका एका स्त्रीच्या नावाने पुरा व्हावा, ही घटना इंग्लंडच्याही इतिहासात दुर्मीळ होती, आणि आजही तिचा उल्लेख व्हावा तेवढा होत नाही.

बोरघाटाच्या आखणीतील सर्वांत प्रसिद्ध रचना म्हणजे खंडाळ्याच्या अलीकडचे रिव्हर्सिंग स्टेशन होय. डोंगराच्या ज्या सोंडेवरून मार्ग चढत होता, ती शेवटी इतकी निमुळती झाली होती की तेथे गाडी वळवून घेण्याइतका मोठा बाक बसत नव्हता, आणि सरळ पुढे जावे तर दरी होती. तेव्हा बर्कली यांनी सोंडेच्या टोकाशी सपाट जागा करून रूळ तेथेच संपवले. खालून आलेली गाडी त्या टोकाला थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या रुळाने गाडीच्या मागच्या अंगाला येऊन जोडले जाई, आणि मग गाडी उलट्या तोंडाने, वेगळ्या रुळावरून, खंडाळ्याकडे चढू लागे. पहिल्यांदाच प्रवास करणाऱ्याला गाडी परत मुंबईला निघाली की काय असा भास व्हावा, अशी ही योजना होती. तिच्यामुळे कमी रुंदीच्या डोंगरावर मार्गाची लांबी, आणि म्हणून चढाचा सौम्यपणा, दोन्ही मिळाले. किंमत एवढीच की प्रत्येक गाडीला, मग ती टपालाची असो की लाटसाहेबांची, तेथे पूर्ण थांबावे लागे. पुढे थळघाटातही हाच उपाय योजण्यात आला.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. बर्कली तो दिवस पाहायला नव्हते. प्रकृती ढासळल्याने ते इंग्लंडला परतले होते आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या बेचाळीस-त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते. कामाच्या घाईचे परिणामही लवकरच दिसले. जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसाळ्यात, घाटातील माहूकी मळी या नावाने ओळखला जाणारा मोठा कमानींचा पूल कोसळला, आणि चौकशीत कंपनीच्या अनेक दगडी पुलांचे बांधकाम निकृष्ट असल्याचे उघड होऊन ते दुरुस्त करावे किंवा नव्याने बांधावे लागले.

मार्ग झाला, तरी गाडी चालवण्याची शिस्त डोंगरानेच ठरवली. चढताना एका इंजिनाची ताकद पुरत नाही, आणि सगळी ओढ पुढूनच दिली तर डब्यांना जोडणारी साखळी तुटून मागचे डबे उताराला लागण्याचा धोका असतो. म्हणून गाडीच्या शेपटाला मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात, त्यांना रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणतात. उतरताना धोका याहून मोठा. त्यासाठी घाटात कॅच सायडिंग आहेत: मुख्य मार्गाला फुटलेला हा आडरूळ पुढे चढावर जाऊन संपतो, आणि उतरत्या मार्गावरचे सांधे नेहमी त्याच्याच बाजूला लावलेले असतात. येणारी गाडी आधी थांबते, ती चालकाच्या ताब्यात आहे अशी खात्री होते, आणि तेव्हाच सांधा बदलून तिला मुख्य रूळ दिला जातो. ब्रेक निकामी होऊन सुटलेली गाडी आपोआप आडरुळावर चढून वेग गमावते. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांब्रुंग, पळसदरी ही घाटातील नावे बहुतेक प्रवाशांना पाटीपुरती ठाऊक असतात. पण भर पावसात दरडी, रूळ आणि सिग्नल यांवर नजर ठेवणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचे आयुष्य तेथे गेले आहे.

या शिस्तीने गावे घडवली. कर्जत हे उल्हास नदीकाठचे लहान गाव. मात्र पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला बँकर येथेच जोडावे लागत असल्याने प्रत्येक गाडीला येथे काही मिनिटे सक्तीने थांबणे आले, आणि त्या मिनिटांवर फलाटावरच्या बटाटावड्याची ख्याती उभी राहिली. माथ्यावरचे लोणावळा तर रेल्वेचेच गाव म्हणावे लागेल: इंजिनांची शेड, दुरुस्तीचे कारखाने, कामगारांच्या चाळी आणि युरोपीय चालकांचे बंगले यांमुळे एक खेडे काही दशकांत नगर झाले. वाफेच्या इंजिनाला घाट चढून आल्यावर प्रचंड पाणी लागे, आणि ते पुरवण्यासाठी कंपनीने बांधलेले धरण म्हणजेच भुशी धरण. पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या हजारो पर्यटकांपैकी फार थोड्यांना ते इंजिनांच्या तहानेसाठी झाले हे माहीत असते. गूळ-शेंगदाण्याची चिक्कीही रेल्वेच्या कामकऱ्यांना विकल्या जाणाऱ्या खाऊतून पुढे आली, असे लोणावळ्यात सांगतात. खंडाळ्याला मात्र यंत्रांऐवजी हवेने माणसे आणली, आणि मुंबईच्या धनिकांचे बंगले व आरोग्यधामे तेथे वसली.

खोपोलीच्या वाट्याला उलटे नशीब आले. मुख्य मार्ग कर्जतहून वर गेल्याने एके काळचे टोकाचे स्टेशन आडबाजूच्या फाट्यावर पडले. पण ज्या कड्याने रेल्वेला छळले, त्याच कड्याच्या उंचीतून खोपोलीला नवे महत्त्व मिळाले: लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलावांत पावसाचे पाणी साठवून ते नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडायचे आणि त्यावर वीज निर्माण करायची, ही टाटांची योजना १९१५ मध्ये खोपोलीत कार्यान्वित झाली व मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या.

रेल्वेच्या घाटात वीज यायला आणखी काही वर्षे लागली. बोगद्यांत कोंडणारा धूर, बँकरसह तीन-तीन इंजिनांचा खर्च आणि रिव्हर्सिंग स्टेशनवरचा खोळंबा यांनी वाढत्या वाहतुकीला मर्यादा पडली होती. ५ नोव्हेंबर १९२९ रोजी कल्याण ते पुणे मार्गावर १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाची विद्युत वाहतूक सुरू झाली. तिच्यासाठी कल्याणजवळ ठाकुर्ली येथे स्वतंत्र वीजकेंद्र उभारले गेले. त्याच सुमारास नवे, अधिक लांब बोगदे खोदून मार्गाची आखणी बदलली आणि रिव्हर्सिंग स्टेशन कायमचे बंद झाले. मालगाड्यांसाठी आलेल्या लांब नाकाच्या विद्युत इंजिनांना त्यांच्या आकारामुळे क्रोकोडाइल हे नाव पडले. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी, म्हणजे डेक्कन क्वीन, ही या बदलाची सर्वांत लाडकी निशाणी ठरली. आरंभी तिच्यात फक्त वरच्या वर्गांचे डबे होते, आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला तिची दारे १९५५ मध्ये उघडली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाटात तिसरी मार्गिका झाली आणि एकविसाव्या शतकात एकदिश प्रवाहाची जागा प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतली, तरी चढाचे प्रमाण बर्कलींच्या वेळचेच राहिले, आणि कर्जतचा थांबाही राहिला. त्याला पहिला मोठा अपवाद १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडीने केला: तिच्या अनेक डब्यांखाली स्वतःच्या मोटारी असल्याने मागून ढकलणाऱ्या इंजिनाची तिला गरज पडत नाही. इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या बहुतेक मेल-एक्सप्रेस गाड्या मात्र अजून कर्जतला थांबून बँकर घेतात आणि घाटमाथ्यावर ते सोडून पुण्याकडे जातात.